गुंता खाली, चूक वर

दसरा-दिवाळीत अनेक घरांत नवी शिलाई मशीन येते. पूजा होते, हळदकुंकू वाहिलं जातं. मग दोन दिवसांनी कुणी हौसेने पहिली शिवण घालायला बसलं की कापडाखाली दोऱ्याचं जाळं! तिथून विचारणा सुरू होतात. ‘नागपूरला सीताबर्डीच्या दुकानात चालवून पाहिली तेव्हा छान चालत होती, घरी आणल्यावरच कशी बिघडली?’ ‘दर चार टाक्यांनी दोरा तुटतो, मशीन परत करता येईल का?’ ‘शेजारच्या काकू म्हणतात बॉबिनचा स्क्रू आवळून बघ. आवळू का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या. नाही, त्या स्क्रूला हात लावू नका. नव्या मशीनची बॉबिन केस सहसा कारखान्यातूनच जुळवून आलेली असते. एकदा तो बारीक स्क्रू फिरवला की मूळ जागा सापडत नाही आणि एका चुकीच्या दोन चुका होतात.

मशीनची शिवण दोन दोऱ्यांची असते. एक वरून सुईतून येतो, दुसरा खालून बॉबिनमधून, आणि कापडाच्या पोटात दोघं एकमेकांत अडकतात. एलियास होव या अमेरिकन माणसाला १८४६ साली पेटंट मिळालं ते याच प्रकारच्या टाक्याच्या यंत्रासाठी, आणि आजची घरगुती मशीनही त्याच तत्त्वावर चालते. वरच्या दोऱ्याला वाटेत धरून ठेवणारं काही नसलं की खाली फिरणारा हूक तो हवा तेवढा ओढून घेतो आणि ओढलेला दोरा खालीच साठतो. म्हणून गुंता खाली दिसला की आधी वर बघा.

तुमची मशीन कोणती?

दोरा ओवण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण निम्मा घोटाळा दुसऱ्याच मशीनचा व्हिडिओ पाहिल्याने होतो. आधी एवढं ओळखा:

- काळी साधी मशीन. पायाने, हाताने किंवा जोडलेल्या मोटरवर चालते, फक्त सरळ शिवण घालते. दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन गोल चकत्या उघड्यावर, मशीनच्या तोंडापाशी दिसतात. बॉबिन केस डावीकडची पट्टी सरकवून आत बसवतात.
- विजेवरची घरगुती झिगझॅग मशीन. चकत्या आत लपलेल्या असतात, वरून फक्त दोन उभ्या चिरा दिसतात. बॉबिन समोरून केससकट बसते, किंवा वरून झाकण सरकवून नुसतीच टाकायची असते.
- टेलर लोकांची मोठी मशीन. अंब्रेला किंवा कारखान्याची हायस्पीड. शिकण्यासाठी ही घेऊ नका. वेग आवरत नाही आणि तिची सुईसुद्धा वेगळी, गोल दांड्याची असते. हा लेख तिच्यासाठी नाही.

मॉडेलचं नाव मशीनवर किंवा तळाच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. सोबतच्या पुस्तिकेत दोऱ्याच्या वाटेचं आकड्यांसह चित्र असतं. भाषा समजली नाही तरी चित्र समजतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुकानदाराने ओवून दाखवलं असेल तर तो दोरा काढून टाकण्याआधी तीन बाजूंनी फोटो घ्या. पुढे तेच फोटो सगळ्यात जास्त कामाला येतील.

ओवण्याआधी दोन गोष्टी वर

या दोन गोष्टी चुकल्या की बाकी सगळं बरोबर करूनही शिवण बिघडते.

पहिली, फूट वर. कापड दाबून धरणारा फूट मागच्या दांडीने उचला. फूट वर असताना चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मधोमध जाऊन बसतो. फूट खाली ठेवून ओवलं तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या कडेवरून निसटून जातो. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं व्यवस्थित दिसतं. सगळ्यांना चकवणारी चूक हीच.

दुसरी, लिव्हर वर. शिवताना वर-खाली होणारी, भोकाची किंवा आकड्याची पट्टी म्हणजे लिव्हर. ती सर्वांत वरच्या जागी येईपर्यंत उजवीकडचं चाक हाताने फिरवा, नेहमी आपल्याकडे. उलटं फिरवलं की आत दोरा अडकतो. पायाच्या मशीनवर नवख्यांचं चाक सुरुवातीला हमखास उलटं जातं. म्हणून आधी हाताने चाकाला आपल्याकडे गती द्यायची, मग पायाने ती पकडायची. हे दोन दिवस सुई काढून, नुसतंच करून पाहा.

विजेची मशीन असेल तर ओवताना बटण बंद आणि पाय पॅडलवरून बाजूला.

वरचा दोरा: क्रमाने

1. रीळ खुंटीवर लावा. रिळाच्या कडेला दोऱ्याचं टोक अडकवायची खाच असते. खुंटी आडवी असेल तर ती खाच उजवीकडे ठेवा, नाहीतर उलगडताना दोरा तिथेच अडकतो आणि तुम्ही सुईला दोष देत बसता.
2. मशीनच्या माथ्यावरच्या कडीतून किंवा आकड्यातून दोरा पुढे आणा.
3. आता चकत्या. उजव्या हाताने रिळाजवळ दोरा धरा, डाव्या हाताने पुढचं टोक ओढा. दोन्ही हातांमध्ये दोरा ताणलेला राहिला तरच तो चकत्यांच्या आत उतरतो. काळ्या मशीनवर चकत्यांशेजारी एक बारीक तारेची स्प्रिंग असते, दोरा तिच्यात अडकलाच पाहिजे. झिगझॅग मशीनवर उजव्या चिरेतून खाली, वळसा घेऊन डाव्या चिरेतून वर.
4. लिव्हरच्या भोकातून किंवा आकड्यातून दोरा न्या. हा टप्पा सुटला तर दोन-चार टाक्यांतच मशीन अडकते.
5. खाली येताना तोंडावरच्या कड्या, आणि अगदी शेवटी सुईच्या वरची छोटी तार. ती लहान आहे म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका.
6. खालची ‘ओढून पाहा’ परीक्षा झाली की सुईत दोरा घाला आणि अर्धी वीत मोकळा ठेवा.

मोठे कोन स्वस्त पडतात, पण ते घरगुती मशीनच्या खुंटीवर बसत नाहीत. कोन मशीनच्या मागे एका मगमध्ये उभा ठेवा आणि दोरा वरून मोकळा येऊ द्या.

ओढून पाहा

सुईत दोरा घालण्याआधी ही परीक्षा घ्या. फूट वर ठेवून दोरा ओढा: सरसर आला पाहिजे. आता फूट खाली करा आणि पुन्हा ओढा: बोटाला स्पष्ट जोर लागला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सरसर आला, तर दोरा चकत्यांत बसलेला नाही. पूर्ण काढा आणि पहिल्यापासून ओवा. मधूनच दुरुस्त करण्याचा मोह टाळा, त्यात जास्त वेळ जातो.

सुई उलटी तर नाही?

घरगुती मशीनच्या सुईचा वरचा दांडा एका बाजूने चपटा असतो. आता सुई हातात घ्या आणि नखाने वरून खाली चाचपा. एका बाजूला नखाला लांब खोबण लागते, ती थेट नेढ्यापर्यंत जाते. दुसऱ्या बाजूला, म्हणजे चपट्या बाजूला, नेढ्याच्या वर छोटासा खोलगट भाग असतो. नियम एकच: दोरा खोबणीच्या बाजूने आत जातो आणि चपट्या बाजूने बाहेर येतो. झिगझॅग मशीनमध्ये चपटी बाजू मागे असते, म्हणून दोरा पुढून मागे ओवायचा. काळ्या मशीनमध्ये सुई आडवी बसते, म्हणून दोरा बाजूने ओवायचा. डावीकडून की उजवीकडून, या वादात पडायची गरजच नाही. खोबण जिकडे, तिकडून.

सुई वर पूर्ण टेकेपर्यंत सरकवा आणि स्क्रू आवळा. अर्धा धागाभर जरी खाली राहिली तरी टाके सुटतात.

नजर कमी पडत असेल तर नेढ्यामागे पांढरा कागद धरा आणि दोरा तिरपा कापा. थुंकी लावण्याची सवय सोडलेली बरी. काही मशीनला ओवणी जोडलेली असते. तिचा आकडा केसासारखा बारीक असतो, हिसका दिला की वाकतो.

कापडानुसार सुई बदला: मलमल, व्हॉइलला ११ नंबर, रोजच्या सुती कापडाला १४, जीन्सला १६. सुई साधारण आठ-दहा तास शिवल्यावर बदलावी. ती मोडेपर्यंत वापरायची असते, हा आपल्याकडचा गैरसमज आहे.

बॉबिन

बॉबिन भरताना दोरा मशीनवरच्या छोट्या चकतीतून घेऊनच भरा. हाताने गुंडाळलेली किंवा सैल भरलेली बॉबिन कधीच नीट शिवत नाही. बोटाने दाबल्यावर ती टणक लागली पाहिजे आणि दोरा काठाच्या बाहेर येता कामा नये. एका रंगावर दुसरा रंग भरू नका.

केस असलेल्या मशीनमध्ये बॉबिन आत ठेवा, दोरा केसच्या चिरेतून ओढून पातळ पट्टीच्या खाली घ्या. ‘टक्’ असा आवाज किंवा बोटाला खटका जाणवतो. दोरा ओढल्यावर समोरून पाहता बॉबिन बहुतेक मशीनमध्ये घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वरून टाकायच्या बॉबिनचं उलट: ती काट्यांच्या विरुद्ध फिरायला हवी. शंका आली तर पुस्तिकेतलं चित्र प्रमाण माना.

आता केस दोऱ्याने हवेत लोंबकळवा. ती जागेवर थांबली पाहिजे आणि हाताला हलका झटका दिल्यावर थोडीशीच घसरली पाहिजे. न थांबता धपकन खाली आली तर दोरा पट्टीखाली गेलेला नाही, पुन्हा लावा. इथेही स्क्रू नाही! मशीनमध्ये केस बसवताना खटका ऐकू आलाच पाहिजे. अर्धवट बसलेल्या केसवर सुई आपटते आणि मोडते.

आणखी एक. बाजारात बॉबिन स्वस्त म्हणून डझनाने मिळतात, पण उंचीत केसभर फरक असतो. नवी घेताना आपली बॉबिन सोबत न्या आणि शेजारी ठेवून मोजा. धातूची की प्लास्टिकची, जी मशीनसोबत आली तीच वापरा.

खालचा दोरा वर आणा

वरच्या दोऱ्याचं टोक डाव्या हातात सैलसर धरा आणि चाक आपल्याकडे एक पूर्ण फेरी फिरवा. सुई खाली जाऊन वर येताना बॉबिनच्या दोऱ्याचा फास घेऊन येते. तो फास ओढून टोक बाहेर काढा. दोन्ही दोरे फुटाखालून मागे न्या आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटांनी धरून ठेवा. कितीतरी जणांचा सुरुवातीचा गुंता एवढ्याने संपतो.

दोन रंगांची शिवण

शिकताना वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावा. इतवारीत किंवा गांधीबागेत कापड घेताना दुकानदाराला जाड सुती चिंधी मागून ठेवा, सरावाला तीच चांगली; पहिल्याच दिवशी सिल्क किंवा ताणणारं होजियरी कापड नको. शिवणीच्या दोन्ही बाजू उजेडात धरा. वरून फक्त लाल आणि खालून फक्त पांढरा दिसला की टाका बसला. नाही बसला तर:

- खाली लाल दोऱ्याचे फास किंवा जाळं: वरचा दोरा चकत्यांत नाही. फूट वर करून पुन्हा ओवा. ओवण बरोबर असूनही फास पडले, तरच टेन्शनचा, म्हणजे चकत्यांच्या ताणाचा, आकडा एकेक घर वाढवा. आकडे असलेल्या बहुतेक मशीनवर रोजच्या कापडाला ३ ते ५ पुरतं.
- वर पांढरे ठिपके: वरचं टेन्शन जास्त आहे किंवा बॉबिनचा दोरा पट्टीखाली नाही.
- टाके सुटतात: सुई उलटी, वाकडी, बोथट किंवा खाली सरकलेली.
- वरचा दोरा तुटतो: रिळाच्या खाचेत अडकतोय, जुना आहे, किंवा नेढ्याला धार आली आहे. नवी सुई लावून पाहा.
- कापड पुढे जात नाही: फूट खाली नाही, किंवा खालचे दाते उतरवलेले आहेत. रफू-भरतकामासाठी काही मशीनवर ते उतरवता येतात.
- चाक फिरतं, सुई हलत नाही: बॉबिन भरताना सैल केलेली चाकाची आतली चकती आवळायची राहिली.

शोधण्याचा क्रम नेहमी असा ठेवा: ओवण, सुई, बॉबिन, दोरा, आणि सगळ्यात शेवटी टेन्शन. लोक नेमके उलट्या क्रमाने जातात.

नागपूरचं ऊन, दोरा आणि तेल

दोऱ्याची रिळं खिडकीत ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा, उन्हात राहिलेला सुती दोरा कुजल्यासारखा होतो. दिसायला तोच, पण बोटांत ताणला की तटकन तुटतो. आजीच्या डब्यातल्या लाकडी रिळांना प्रेमाने जपा, मशीनवर लावू नका. नवा दोरा घेताना उजेडात धरून पाहा. फार तुसं दिसली तर तीच पुढे बॉबिनखाली कापसासारखी साठतात. ती महिन्यातून एकदा छोट्या ब्रशने काढा. फुंकर मारू नका, तुसं आणखी आत जातात.

तेल फक्त मशीनचं. खोबरेल हिवाळ्यात थिजतं आणि नागपूरचा हिवाळा त्याला पुरेसा आहे. काही नव्या मशीनना तेल घालायचंच नसतं, पुस्तिका पाहा. तेल घातल्यावर पहिली शिवण चिंधीवर घाला.

आणि खंडेनवमीच्या पूजेबद्दल एक विनंती: हळदकुंकू मशीनच्या टेबलाला लावा. चकत्यांमध्ये आणि सुईखालच्या भोकात गेलेलं कुंकू तेलात मिसळून चिकट होतं, पुढचा पांढरा ब्लाऊज त्याची साक्ष देतो.

एवढं करूनही शिवत नसेल, तर तुमचे हक्क

कधीकधी मशीन खरोखरच सदोष असते. तक्रार करण्याआधी नव्या सुईने, नीट ओवून, दोन रंगांची शिवण घाला. ती चिंधी जपून ठेवा आणि ओवतानाचा व्हिडिओ काढा. ‘तुम्हाला ओवता येत नाही’ हे दुकानदाराचं ठरलेलं उत्तर असतं; त्याला हाच पुरावा लागतो.

- पक्कं बिल घ्या. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मॉडेल आणि मशीनचा क्रमांक लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का.
- ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीला घाबरू नका. सदोष वस्तू बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. रंग आवडला नाही, हे कारण मात्र यात बसत नाही.
- घरी प्रात्यक्षिक मिळणार का, फुकट का, मोटरची वॉरंटी वेगळी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. तोंडी आश्वासन बिलाच्या मागे लिहून घ्या.
- वॉरंटीच्या काळात बाहेरच्या मेकॅनिककडून मशीन उघडून घेऊ नका.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. नागपूरचा सिव्हिल लाइन्समध्ये आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे काटोल किंवा उमरेडला राहून मुंबईच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मशीन घेतली असली, तरी मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

‘फुकट मशीन’चा निरोप आला तर

शिंपीकाम हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी पीएम विश्वकर्मा योजना खरी आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली, आणि तिच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम आपल्या शेजारी वर्ध्याला झाला. तिच्या १८ व्यवसायांत शिंपी आहेत. पात्र ठरल्यास मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर आणि सवलतीचं कर्ज मिळतं. पण अटी नीट वाचा: वय १८ पूर्ण, कुटुंबातल्या एकालाच लाभ, सरकारी नोकरी असलेल्या कुटुंबाला नाही, आणि अर्जदार आधीपासून त्या कामात असावा. आजच दोरा ओवायला शिकलेल्यांसाठी ती नाही. त्यांनी आयटीआयमधल्या शिवणकामाच्या अभ्यासक्रमाची किंवा बचत गटामार्फत होणाऱ्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. विश्वकर्मा योजनेची नोंदणी सीएससी केंद्रावर होते आणि तिला शुल्क नाही.

‘प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन योजना, आजच फॉर्म भरा’ असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतो. त्या नावाची केंद्राची योजना नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने असे दावे खोटे ठरवले आहेत. लिंक उघडू नका, आधारचा फोटो पाठवू नका, ओटीपी सांगू नका. खात्यातून पैसे गेलेच असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि आपल्या बँकेलाही फोन करा.